एकोणिसावं घर

वैनी,

तुमच्या तेराव्याला मी नव्हतो. कळलंच उशिरा, ही सबब खरी आहे. पण वेळेवर कळलं असतं तरी आलो असतो का, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तुमच्या आळीतला धर्मा जानू गेल्या आठवड्यात श्रीवर्धनच्या बाजारात भेटला. त्यानं सांगितलं, उधाणाचं पाणी दोन दिवस घरात होतं, मग ताप आला, आणि पाचव्या दिवशी सगळं आटोपलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, समोरच्या नारळांच्या ढिगाकडे बघत होता. गावातल्या माणसांना सगळं ठाऊक आहे, फक्त तोंडावर कुणी बोलत नाही. मी गुरुजी ना!

घरी आलो, जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावर खेकसलो. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. चूक माझी असली की आवाज माझाच चढतो.

तुम्ही माझ्या कोण? नात्यानं कुणीच नाही. अख्खं गाव तुम्हाला वैनी म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. मी त्या खाडीकाठच्या गावात बदलून आलो तेव्हा स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. पंचविशीचा होतो, नाकावर माशी बसू देत नव्हतो. नोकरी कायम व्हायची होती. पहिल्याच महिन्यात हिवतापानं आडवा झालो, तेव्हा तुम्ही कुणी न सांगता पेज घेऊन आलात. ओसरीवर ठेवलीत आणि म्हणालात, गरम हाय तवर घ्या. पुढे आठ दिवस ती पेज येत राहिली. मी बरा झाल्यावर आभार मानायला आलो, तर तुम्ही विचारलंत की शाळेतला फळा वाचता येईल अशा अंतरावर बसू द्याल का. माहेरी वडिलांनी अक्षरं शिकवली होती, ती मोडायला लागली होती म्हणे. मग तुम्ही दुपारी पोरींच्या मागे बसून वाचायचात. महिन्याभरात माझ्या चुका काढायला लागलात. एकदा फळ्यावरचा माझा गुणाकार चुकला, तर पोरांदेखत काही बोलला नाहीत. शाळा सुटल्यावर हळूच म्हणालात, गुरुजी, तो हातचा राहिला. हे मला तेव्हा आवडलं नव्हतं. आज वाटतं, असं जपून चूक दाखवणारं माणूस पुन्हा मला भेटलं नाही.

त्याच वर्षी बांध फुटला. खाडीचं पाणी भातशेतात शिरलं, आणि खालच्या आळीतल्या बेचाळीस घरांच्या जोत्यांना लागलं. आळी म्हणजे एकच सरळ वाट, एका टोकाला देऊळ, दुसऱ्या टोकाला बांध. कचेरीनं ठरवलं, आळी वरच्या माळावर हलवायची, घरटी एक जागा आखून द्यायची. त्यासाठी दर घराचं एक कार्ड हवं होतं. कार्डावर कर्त्या पुरुषाचं नाव, त्याच्या बायकोचं नाव आणि घरात माणसं किती. एवढंच. काम आलं माझ्याकडे, कारण गावात बोरू धरणारा हात माझा. आणि बायकांचं काम मी तुमच्याकडे दिलं, कारण माझ्यासमोर एकही बाई तोंड उघडेना.

उघडणार तरी कशी! नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. गणपत नावाच्या माणसाची बायको चवथीच्या देवालाही नुसतं 'देव' म्हणायची. तुझा नवरा कोण विचारलं की कुणी पदर तोंडात धरायची, कुणी बोटानं घर दाखवायची, कुणी म्हणायची, ह्यो काय समूर उभा हाय त्यो. पहिल्या दिवशी मी चार घरं फिरलो आणि चिडून परत आलो.

तुम्ही तेव्हाच सांगितलं होतंत. घरोघर जाऊया, म्हणालात. दाराशी उभं राहून त्याच घरचं कार्ड भरू. त्याचं नाव तुम्ही विचारा, तिचं म्या इचारते, माणसं दोघं मिळून मोजू. एका घरचं समदं एका कागदावर, मग पुढलं घर. तुम्ही हे अंगणातल्या वाळत घातलेल्या भातावर बोटानं चौकोन काढून दाखवलंत. मला ते वेळखाऊ वाटलं. दिवसभर गडी बांधावर मातीकामाला, बायका विहिरीवर नाहीतर शेतात, दोघं एका वेळी दाराशी सापडणार कधी? मी म्हटलं, तीन याद्या करू. पुरुषांची मी चावडीवर करतो, बायकांची तुम्ही विहिरीवर करा, माणसांचे आकडे कोतवाल सोनू घरं मोजत लिहून आणेल. तिन्ही देवळापासून बांधापर्यंत, घरांच्या क्रमानं. मग पहिल्याला पहिलं, दुसऱ्याला दुसरं असं जोडत गेलं की कार्डं तयार. दोन दिवसांचं काम. मला स्वतःच्या हुशारीचं भारीच कौतुक वाटलं.

तुम्ही ऐकून घेतलंत. मग एकच म्हणालात, आणि ते वाक्य गेली अकरा वर्षं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

"मंग गुरुजी, ज्या घरी न्हाय तिथं न्हाय असं तरी लिवा. वळ रिकामी सोडा, पन वळ सोडा."

मी हो म्हटलं. मास्तर लोकांना हो म्हणायची सवय असते.

चावडीवर काय झालं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. गडी ओळीनं बसले होते. कोतवाल घराचं नाव पुकारायचा, माणूस उभा राहायचा, मी लिहायचो. अठरावं घर तुमच्या दिराचं, पांडूचं. त्याचं लिहिलं. मग कोतवाल थांबला. एकोणिसावं घर तुमचं. तुमचे यजमान मुंबईला बोटीवर कामाला म्हणून गेले त्याला सात वर्षं झाली होती, ना पत्र ना निरोप. सगळे जमिनीकडे बघायला लागले. पांडूनं घसा खाकरला. मला वाटलं, चारचौघांत 'इथे कुणी नाही' असं लिहायचं, कोतवालानं ते मोठ्यानं वाचायचं, हे बरं दिसणार नाही. तुमची अब्रू जपतोय असं वाटलं मला. आणि दुसरं म्हणजे, यादी स्वच्छ दिसत होती, मध्येच भोक नको वाटलं. मी मान हलवली, कोतवालानं पुढचं घर पुकारलं, धर्मा जानू उभा राहिला, आणि अठराव्या ओळीखाली मी त्याचं नाव लिहिलं. ओळ सोडली नाही. त्या वेळी यात काही केलं असं मला वाटलंसुद्धा नाही.

शेवटचं, बेचाळिसावं घर लखमातात्याचं. तो म्हातारा एकटाच राहायचा, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या यादीत त्याच्या घरची बाई असणं शक्य नव्हतं, आणि नव्हतीच. शेवटचंच घर असल्यानं त्याची रिकामी ओळ कागदावर दिसलीही नाही. म्हणून माझी यादी एक्केचाळिसाची झाली आणि तुमचीही एक्केचाळिसाची. काय जमलं होतं म्हणता! सोनू मात्र बेचाळीस आकडे घेऊन आला. दोन याद्या एक्केचाळीस, एक बेचाळीस, मग चूक कुणाची? कोतवालाची, दुसऱ्या कुणाची? तो बिचारा शपथ घेऊन सांगत होता की गुरुजी, घरं मोजून आलोय, पायानं चाललोय. मी त्याला झापला.

मग बसलो जादा आकडा शोधायला. एकोणिसावा आकडा होता 'एक'. माझ्या हिशेबानं एकोणिसाव्या कार्डावर धर्मा जानू आणि पत्नी पार्वती अशी दोन नावं बसत होती. दोघं नवराबायको असताना माणूस एक कसा असेल? हाच तो जादाचा, म्हणून खोडला. शेवटच्या ओळीत पुन्हा 'एक' आला, त्याचे मी दोन केले. तिन्ही याद्या एक्केचाळिसावर आल्या. खाली 'तपासून बरोबर' लिहून सही ठोकली, झोकदार.

वैनी, आता खरं सांगतो. तो एक खोडताना हात जरासा थांबला होता. चावडीवरची ती शांतता आठवली होती. पण कचेरीतले साहेब सोमवारी यायचे होते, कार्डं सुबक अक्षरात झाली होती, आणि तुम्ही रविवारी येऊन म्हणाला होतात की द्या माझ्याकडे, एकदा दारोदार फिरवून आणते. मी म्हटलं, कशाला, बेरीज जुळली आहे. तुम्ही म्हणालात, बेरीज जुळली म्हंजे माणसं जुळली असं व्हतं का? मला राग आला. तुम्हाला काय कळतंय असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं, पण चेहऱ्यावर दिसलं असणार. तुम्ही उठून गेलात.

सोमवारी माळावर जागा वाटल्या. साहेब गड्याचं नाव घ्यायचे, गडी जाऊन आपल्या खुंट्यांमध्ये उभा राहायचा, कार्ड हातात पडायचं. वाचता कुणालाच येत नव्हतं. सगळ्यांनी कार्डं कपाळाला लावून मुंडाशात खोचली. तुम्ही करवंदीच्या जाळीपाशी शेवटपर्यंत उभ्या होतात. मला वाटतं तुम्ही समजून चालला होतात की बाईमाणसाचं घर शेवटी घेतील. एक्केचाळिसावी जागा दिली आणि ओहोटी लागायच्या आत साहेब होडीत बसून गेले. तुम्ही माझ्याकडे आलात. मी म्हटलं, काहीतरी घोटाळा दिसतोय, बघतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत आलात ते ओच्यात कार्डं घेऊन. विहिरीवर बायकांनी तुम्हाला वाचायला दिली होती. तुम्ही हसत होतात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणालात, गुरुजी, तुम्ही तं अर्ध्या आळीचं पाट लावलं! विसाव्या घरापासून खाली प्रत्येक बाई शेजारच्याच्या नावावर गेली होती. धर्माची भागी शेजारच्या गणपतच्या घरात, गणपतची त्याच्या पलीकडे, आणि बांधाकडची शेवटची सखू लखमातात्याच्या कार्डावर. बायका लाजून मेल्या होत्या. पण तक्रार कुणाकडे आणि कशी करणार? 'हा माझा नवरा नाही' म्हणायला आधी माझा कोण ते सांगायला हवं. म्हणून त्या तुमच्याकडे आल्या, आणि तुम्ही माझ्याकडे. मलाही हसू आलं. आपण दोघं त्या दिवशी बाकावर बसून पोटभर हसलो. मग मी एकोणिसावं कार्ड उचललं आणि विचारलं, ही पार्वती कोण? गावात पाच पार्वती आहेत.

तुम्ही म्हणालात, "ती म्या."

वर्ष होत आलं होतं, वैनी. तुमची पेज प्यालो, तुमच्या हातची तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाल्लं, तुम्हाला वाचताना ऐकलं, तुमच्यासोबत याद्या केल्या. तुमचं नाव माझ्या हातानं कार्डावर लिहिलं. आणि तुमचं नाव काय, हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. तेव्हा माझं हसू थांबलं, आणि काय झालंय ते सगळं एकदम लक्षात आलं. तुमच्या लक्षात आधीच आलं होतं. तुम्ही नुसतं विचारलंत की मग माझं कार्ड कुठं हाय. मी सांगितलं, साहेब आले की मी स्वतः बोलतो, माझी चूक आहे, दुरुस्त होईल. हे मी बोललो होतो. तुमच्यासमोर मी एवढा धीट होतो.

साहेब पुढल्या आठवड्यात आले ते तापलेलेच. बायकांना आपापल्या नवऱ्याशेजारी उभं राहायला सांगितलं, म्हणजे नाव घ्यायचा प्रश्न नको. सगळ्या एकेक पाऊल सरकल्या. लखमातात्याशेजारी कुणी उरलं नाही. तो म्हणाला, साहेब, बारा वर्षांनी बायको मिळाली व्हती, तीबी नेली का. माळभर हसू उसळलं, साहेबही हसले, आणि मला वाटलं, सुटलो. मग साहेबांनी कार्डावरची नावं खोडून दुरुस्त केली आणि मान वर केली. तुम्ही एकट्या उभ्या होतात, कुणाच्याच शेजारी नाही.

साहेबांनी मला विचारलं, ही यादी तुम्ही केलीत ना? शाळेवरच्या माणसाला एवढंही जमू नये? मग तुमच्याकडे बोट करून म्हणाले, ही बाई कुठल्या घरची?

मला बोलायचं होतं ते मी आदल्या रात्री पाठ केलं होतं. यांचं घर एकोणिसावं, वेगळं आहे, पुरुषांच्या यादीत मी ओळ सोडली नाही, जागा बेचाळीस हव्यात. एवढंच. पण नोकरी कायम व्हायचा कागद साहेबांच्याच कचेरीतून पुढे जायचा होता, असं मला तेव्हा वाटत होतं. मी म्हणालो, "दिराकडे असतात बहुधा."

बहुधा! वैनी, हा शब्द मी कुठून काढला? तुमच्या चुलीवरची पेज मी आठ दिवस प्यालो होतो. तुमचं दार, तुमची विळी, तुमच्या ओसरीवरचा मोडका पाट, सगळं मला माहीत होतं. साहेबांनी पांडूकडे पाहिलं, पांडूनं खांदे उडवले, आणि साहेबांनी लिहिलं, दिराच्या कुटुंबात समाविष्ट. तेव्हा तुम्ही बोललात. साहेबांशी नाही, माझ्याशीच.

"गुरुजी, माझी चूल येगळी हाय."

मी खाली बघितलं. चपलेला चिखल लागला होता, तो गवताला पुसत राहिलो.

त्यानंतर सहा महिन्यांत आळी उठून माळावर गेली. छपरं उतरवली, वासे नेले, जोती तेवढी उरली. पांडूनं तुम्हाला बोलावलं, तो माणूस वाईट नव्हता, त्याची बायकोही म्हणाली या. तुम्ही गेला नाहीत. मीच तुम्हाला समजवायला आलो, आणि तेव्हा तुम्ही आयुष्यात एकदाच मला टोचून बोललात. म्हणालात, "म्या तिकडं गेले तं तुमचा कागुद खरा ठरंल. म्या न्हाय जानार." मग लगेच उठलात, गूळपाणी दिलंत, पोरी काय वाचतात ते विचारलंत. मला पळून जावंसं वाटत होतं, पण गूळपाणी संपेपर्यंत बसावं लागलं.

असं तुम्ही त्या ओसाड आळीत एकट्या राहिलात. बेचाळीस घरांतलं एक. बांध दुरुस्त झाला होता, पण मोठ्या उधाणाला पाणी यायचंच. तुम्ही सामान फळीवर चढवून पांडूच्या पडवीत दोन दिवस काढायचात आणि पाणी ओसरलं की जमीन सारवायला परत. मी शाळेच्या खिडकीतून पाहायचो. पाहून फळ्याकडे वळायचो.

नोकरी कायम झाली. तिसऱ्या वर्षी मला कंठ फुटला आणि मी तुमच्यासाठी अर्ज लिहिला. काय भाषा होती त्याची! 'सदर कुटुंबाचे नाव नजरचुकीने राहून गेले आहे.' कुणाच्या नजरेची चूक, ते नाही लिहिलं. तुम्ही खाली पार्वती अशी सही केलीत, माझ्यापेक्षा वळणदार. दोन महिन्यांनी उत्तर आलं की यादी तयार करणाऱ्यानं ती तपासून बरोबर असल्याची सही दिली आहे, त्यानं चूक झाल्याचं लिहून दिल्याशिवाय फेरविचार करता येत नाही. कागद मी तुम्हाला वाचून दाखवला, पण शेवटचं वाक्य वाचलं नाही. नाही म्हणतात, एवढंच सांगितलं. तुम्हाला वाचता येत होतं, वैनी. कागद तुमच्यासमोरच पाटावर पडला होता. तुम्ही तो उचलून वाचला नाहीत. का नाही वाचलात? माझ्यावर विश्वास होता म्हणून, की मला जपायचं म्हणून? फळ्यावरचा गुणाकार चुकला तेव्हा जपलंत तसं? हे मला विचारायचं होतं. गाव सोडेपर्यंत जमलं नाही, नंतर तर काय, मी फिरकलोच नाही.

अजून एक आहे, तेही सांगून टाकतो. शाळेत हजेरी एका वहीत, वयं दुसऱ्या वहीत, गुण तिसऱ्या वहीत, असा कारभार होता. तुमचं ते भातावर काढलेलं चौकोनाचं काम आठवून मी दर पोराचा एक वेगळा कागद केला, त्याचं सगळं त्यावर, नसेल तिथे 'नाही' असं लिहून. पाहणीला आलेले साहेब खूश झाले. ही पद्धत कुणाची, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, माझीच. तुम्ही तेव्हा दाराबाहेर पोरींना ओव्या म्हणून दाखवत बसला होतात. ऐकलंत. संध्याकाळी म्हणालात, गुरुजी, बरं झालं, कामी आलं. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

बदली झाली तेव्हा तुम्ही होडीपर्यंत आलात, वालाची पिशवी दिलीत. श्रीवर्धनला आल्यावर वर्षभर ते वाल मी करू दिले नाहीत, मग किडले. पत्र लिहायचं ठरवायचो आणि पहिल्या ओळीतच अडायचो. तुम्ही मात्र दर दिवाळीला कुणाच्या तरी हाती निरोप पाठवायचात की म्या ठीक हाय, पोरी वाचतात, काळजी नको. काळजी मी कुठे करत होतो! मी तर तुम्हाला विसरायच्या खटपटीत होतो, आणि तेही धड साधत नव्हतं.

धर्मा भेटल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी गावी गेलो. म्हसळ्याहून पुढे चालत. आधी माळावर गेलो नाही, खाली तुमच्या घरी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. फळीवर तुमची भांडी, उधाणाच्या रेषेच्या वर, नीट पालथी घातलेली. भिंतीला पाण्याच्या खुणा, एकावर एक, दर वर्षाची वेगळी. भागी माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिनं सांगितलं की तापात तुम्ही कुणालाही नावं ठेवली नाहीत. मला ते ऐकवेना, मी तिला पुढे बोलू दिलं नाही.

तिथून तलाठ्याकडे गेलो. आता नवा माणूस आहे, पोरगेलासा, चष्मेवाला. त्याच्याकडून कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्याच लिहिलं: 'खालच्या आळीतील एकोणिसाव्या घराची नोंद पुरुषांच्या यादीत मी केली नाही. चूक माझी आहे, ते घर व ती चूल स्वतंत्र होती.' खाली सही. दोन ओळी झाल्या. अकरा वर्षं ज्यानं माझी झोप घेतली ते सगळं दोन ओळींत मावलं.

त्यानं वाचलं, दप्तर काढलं, जुना नकाशा उलगडला. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, गुरुजी, माळाच्या कडेला एक जागा तेव्हापासून मोकळीच आहे, आखताना एक वाढीव आखतात. हे पत्र तेव्हा दिलं असतंत तर आठवड्यात काम झालं असतं. मी विचारलं, आणि माझ्या नोकरीचं? त्याला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, नोकरीचा काय संबंध? याद्यांत चुका होतातच की. आम्ही रोज दुरुस्त करतो.

मग त्यानं दौत पुढे ओढली आणि विचारलं की अर्जदार बाई कुठे आहेत, त्यांची सही लागेल.